ट्रेनर विमानांचा पिवळा रंग बसत नाही? कुठून तपासायला सुरुवात करायची

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या ट्रेनर, म्हणजे वैमानिकांना शिकवण्यासाठीच्या, विमानांची मॉडेल्स करणाऱ्या प्रत्येकाला एक रंग गाठतोच, आणि तो म्हणजे पिवळा. ऑक्सफर्ड, मॅजिस्टर, मास्टर, टायगर मॉथ, कॅनडातली फ्लीट फिंच, कॉर्नेल. स्पिटफायरच्या हिरव्या-तपकिरी रंगात जे सहज खपून जातं, ते या विमानांवर उघडं पडतं. गेल्या बारा-तेरा वर्षांत माझ्या आणि मित्रांच्या मिळून निदान तीस मॉडेल्सवर हाच एक दोष मी निस्तरला आहे. दरवेळी समोरचा म्हणतो, 'पिवळा रंगच वाईट निघाला.' बहुतेक वेळा खोट पिवळ्याच्या खाली असते.

आधी लक्षणं सांगतो. आपलं दुखणं नेमकं कोणतं ते ओळखा, म्हणजे नको ती मेहनत वाचेल.

पंखावर कुठे गडद, कुठे फिका असे ढग दिसतात, आणि पुट्टी भरलेल्या जागी रंगाला हिरवट झाक येते. कडांवर आणि फासळ्यांच्या माथ्यावर रंग टिकत नाही, खालचं प्लास्टिक डोकावतं. तीन-चार दिवस झाले तरी बोट लावलं की ठसा उमटतो. रंग वाळताना त्यावर पांढरं मळभ येतं. मास्किंग टेप काढताना टेपबरोबर पापुद्राही निघून येतो. पृष्ठभाग हाताला पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागतो. आणि शेवटचं लक्षण म्हणजे राउंडेलचं (विमानावरच्या गोल राष्ट्रीय चिन्हाचं) डेकल, म्हणजे चिकटवायचं छापील चित्र, लावल्यावर त्यातलं पांढरं कडं पिवळट पडतं किंवा डेकलखाली चांदीसारखे चमकते डाग दिसतात.

एकाच मॉडेलवर यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसू शकतात. मग खाली दिलेल्या क्रमानेच जा. पहिल्या तीन गोष्टींना जवळपास काहीच खर्च नाही.

एक रात्र थांबा आणि सकाळी उजेडात पाहा

ओला पिवळा रंग फसवतो. ओला असताना तो जास्त पारदर्शक दिसतो, वाळल्यावर थोडा दाट होतो. रात्री पिवळसर बल्बखाली ढग दिसत नाहीत आणि पांढऱ्या एलईडीखाली नसलेले दिसतात. म्हणून मॉडेल झाकून ठेवा आणि सकाळी खिडकीपाशी, थेट ऊन नसेल अशा जागी पाहा. ही तपासणी आधी करायची कारण ओल्या रंगावर घाईने दुसरा हात मारला की खालचा थर फाटतो, आणि साध्या दोषाचा मोठा दोष होतो. माझी निम्मी जास्तीची कामं अशीच निर्माण झाली आहेत.

डबी ढवळा, अगदी तळापासून

पिवळ्याचं रंगद्रव्य तळाशी बसतं आणि वर नुसतं माध्यम राहतं. डबी हलवून ते वर येत नाही. चपटी स्टीलची काडी घेऊन तीन-चार मिनिटं तळ खरवडत ढवळा. काडीला खाली चिकट गोळा लागत असेल, तर आजवर तुम्ही जवळजवळ वार्निशच मारत होता. हम्ब्रोलची २४ नंबरची डबी, जिचं नावच 'ट्रेनर यलो' आहे, तिच्यात हा गोळा मला नेहमी सापडतो.

ढवळूनही तो पारदर्शक का राहतो, हे एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. जुन्या काळी पिवळ्यात लेड क्रोमेट असायचं. ते दाट झाकायचं, पण विषारी. आजच्या मॉडेलच्या रंगांत बहुधा सेंद्रिय पिवळी रंगद्रव्यं असतात. ती तेजस्वी असतात पण झाकत नाहीत. उजेड त्यांच्यातून आरपार जातो, खालच्या थरावर आपटतो आणि परत येतो. म्हणजे आपल्याला दिसणारा रंग दोन थरांचा मिळून झालेला असतो. खाली करडं असेल तर पिवळ्याला हिरवट छटा येते, खाली तपकिरी असेल तर तो मळका दिसतो. झाकायचं काम पांढऱ्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड करतं, पिवळा करत नाही.

अस्तराची चाचणी

आता एक चाचणी, अस्तराची, म्हणजे रंगाखाली मारायच्या थराची (प्रायमरची). किटच्या सांगाड्याचा (सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिचा) रिकामा तुकडा किंवा जुन्या मॉडेलचा पंख घ्या. (पूर्वी आम्ही यासाठी प्लास्टिकचे चमचे वापरायचो. ते आता बंद झाले, आणि तसंही किटचंच प्लास्टिक वापरणं जास्त खरं.) त्यावर चार पट्टे मारा: काहीच नाही, करडा प्रायमर, पांढरा प्रायमर आणि फिका गुलाबी. वाळल्यावर चारही पट्ट्यांवरून आडवा पिवळा मारा, आधी एक हात, मग अर्ध्या भागावर दुसरा, मग तिसरा.

ज्याने ही चाचणी केली त्याला पुढे काही सांगावं लागत नाही. करड्यावर पाच हात मारूनही जो रंग येत नाही तो पांढऱ्यावर तीन हातांत येतो. गुलाबीवरचा पिवळा तर बघत राहावा असा. त्यात हलकी केशरी ऊब येते, आणि ट्रेनरच्या पिवळ्यात हवी असते ती हीच. नुसत्या पांढऱ्यावर मारलेला पिवळा अनेकदा लिंबासारखा थंड दिसतो. टॅमियाचा गुलाबी प्रायमर डबाबंद फवाऱ्यात मिळतो. तो मिळाला नाही तर बाटलीतल्या पांढऱ्या लॅकर प्रायमरमध्ये लॅकरच्याच लाल रंगाचे दोन-तीन थेंब घाला. मी तसंच करतो.

अलीकडे पॅनेल रेषांवर आधी काळा फवारून वर रंग मारायची पद्धत आहे. पिवळ्याखाली ती करू नका. काळं झाकता झाकता थर इतका जाड होतो की कोरीव रेषाच बुजतात. सावली हवीच असेल तर अस्तरात पातळ तपकिरी वापरा.

मॉडेल धुतलं होतं का?

टेपबरोबर पापुद्रा निघत असेल तर ही तपासणी तुमच्यासाठी. दुर्मिळ ट्रेनर विमानांची किट्स बहुतेक शॉर्ट-रन (थोड्याच प्रती काढणाऱ्या) साच्यांची किंवा रेझिनची असतात. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य त्यांच्यावर राहतं. भर म्हणून आपल्या बोटांचा तेलकटपणा असतोच. कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, जुना मऊ टूथब्रश. धुवा, रात्रभर वाळू द्या, मग मॉडेलला बोट न लावता प्रायमर मारा. रेझिनचे भाग दोनदा धुवा.

प्रायमर पूर्ण वाळल्यावर न दिसणाऱ्या जागी, म्हणजे चाकाच्या खोबणीत किंवा पंखाच्या मुळाशी, टेप चिकटवून ओढून बघा. इथे निघाला तर बरंच झालं, सगळा पिवळा मारून झाल्यावर निघण्यापेक्षा केव्हाही परवडलं. आणि टेप लावण्याआधी ती तळहाताला दोन-तीनदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी करा.

विमान कशाचं होतं, त्यावर दोष कुठे दिसेल ते ठरतं

ही तपासणी डोळ्यांची आहे, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. एअरस्पीड ऑक्सफर्ड लाकडी विमान होतं. त्याच्या अंगावर प्लायवूड होतं, रिव्हेट्स आणि पत्र्याच्या जोडरेषा जवळजवळ नव्हत्याच. १९४१च्या ५ जानेवारीला ब्रिटिश वैमानिक एमी जॉन्सन टेम्सच्या मुखापाशी मरण पावली ती असंच एक ऑक्सफर्ड उडवत असताना. अशा गुळगुळीत अंगावर पिवळ्याचा प्रत्येक ढग आणि सांध्याचा प्रत्येक ओरखडा दिसतो. तिथे सांध्यांना पुट्टी, मग १००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यातून, मग अस्तर, मग पुन्हा सांधा तपासणं असे दोन-तीन फेरे झालेच पाहिजेत. माइल्स मॅजिस्टरही लाकडी, त्याचंही तसंच.

टायगर मॉथचं उलट आहे. त्याचे पंख कापडाने मढवलेले असल्यामुळे मॉडेलवर फासळ्या उठून दिसतात. पातळ रंग फासळीच्या माथ्यावरून घसरून दोन फासळ्यांमधल्या खळग्यात जमतो. परिणामी माथा फिका आणि खळगा गडद. इथे पहिले दोन हात अगदी कोरडसर, फासळ्यांच्या दिशेने मारा आणि मग आडवे.

मी सध्या बंगळूरच्या हार्लो पीसी-५एवर काम करतोय. १९४०च्या डिसेंबरात सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने जुळवलेलं हे पहिलं विमान. ऑगस्ट १९४१मध्ये ते बाहेर पडलं, तेही ट्रेनरच. मूळ अमेरिकन रचना. माझं मॉडेल प्लास्टिकच्या पांढऱ्या शीटमधून कापलेलं आहे, नाकाचा भाग रेझिनचा आणि मध्ये करडी पुट्टी. एकाच अंगावर तीन रंग! एकसारखं अस्तर दिल्याशिवाय त्यावर कुठलाही फिका रंग मारला असता तर तिन्ही वेगवेगळे दिसले असते. वालचंदांच्या या विमानाचं मॉडेल नीट व्हावं असं मनापासून वाटतं, म्हणून त्याच्या अस्तरावर तीन आठवडे घालवले आणि त्यातला एकही दिवस वाया गेला असं वाटत नाही.

हात किती आणि कसे

अस्तर बरोबर आहे, तरी कडा उघड्या राहतात किंवा पृष्ठभाग खरखरीत होतो, तर फवाऱ्याकडे बघा. कडांवर ओला रंग टिकत नाही. पृष्ठताणाने तो आत ओढला जातो. म्हणून जाड एका हाताने कधीच जमत नाही. मी रंग पातळ दुधाइतका करतो, ०.३ मिमीच्या नोझलला १२ ते १५ पीएसआय दाब ठेवतो आणि पाच-सात सेंटिमीटरवरून मारतो. आधी सगळ्या कडा आणि कोपरे, मग सपाट भाग. दोन हातांमध्ये पंधरा-वीस मिनिटं. एकूण चार-पाच हात.

खरखरीतपणा येतो तो थेंब हवेतच वाळून पडल्यामुळे. म्हणजे अंतर जास्त, दाब जास्त किंवा थिनर फार उडणारा. उन्हाळ्यात हे जास्त होतं. खरखरीत झालंच तर पूर्ण वाळल्यावर २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यातून हलकेच फिरवा आणि एक ओलसर हात द्या.

ब्रशने मारणाऱ्यांना सांगतो, पिवळा ब्रशने होतो. पण खाली पांढरं अस्तर फवाऱ्याच्या डब्यातलं हवं आणि दोन हातांमध्ये पूर्ण एक दिवस हवा.

क्रमाचंही एक महत्त्वाचं. युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटनमधल्या ट्रेनर विमानांची पाठ तपकिरी-हिरवी झाली आणि पोट पिवळं राहिलं. कॅनडातल्या शाळांमध्ये मात्र विमानं सगळीकडून पिवळीच राहिली. तिथे शत्रूची भीती नव्हती, आकाशात एकमेकांवर आदळण्याची होती. मॉडेलवर नेहमी पिवळा आधी, मग टेप, मग गडद रंग. उलट केलंत तर गडदावर पिवळा झाकायला सात हात लागतील. मास्टरपासून काढलेल्या मार्टिनेटच्या पोटाखाली, लक्ष्य ओढणाऱ्या विमानाचे काळे-पिवळे तिरके पट्टे असतात. तिथेही आधी सगळं पोट पिवळं करा, मग काळे पट्टे काढा.

हवा

आपल्याकडचा हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. मी ठाण्यात राहतो. जुलैत माझ्या खोलीतला आर्द्रतामापक ८५ टक्क्यांच्या खाली येत नाही. लॅकरमधलं थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड करतं आणि हवेतलं बाष्प त्या थंड पृष्ठभागावर दव पडावं तसं जमतं. तेच पांढरं मळभ. पिवळ्यावर ते खडूच्या भुकटीसारखं दिसतं.

काहीशे रुपयांचा आर्द्रतामापक घ्या. ७० टक्क्यांच्या वर असेल तर लॅकर मारू नका. थांबणं शक्यच नसेल तर थिनरमध्ये रिटार्डर घाला, म्हणजे ते सावकाश उडेल. मळभ आलंच असेल तर कोरड्या दिवशी रिटार्डर मिसळलेल्या नुसत्या थिनरचा धुक्यासारखा हलका फवारा द्या. वरचा थर किंचित विरघळतो, अडकलेलं पाणी निघून जातं आणि रंग परत येतो. दहापैकी सात-आठ वेळा मला हे जमलं आहे.

कंप्रेसरच्या ओलावा गाळणाऱ्या काचेच्या भांड्यात पाणी साठलं आहे का पाहा. टाकी असेल तर तिच्या तळाचा नळ दर वापरानंतर उघडून पाणी काढा. एअरब्रशमधून पाण्याचा थेंब उडाला की पिवळ्यावर डोळ्यासारखा गोल खड्डा पडतो.

चिकटपणा राहतो तो बहुधा इनॅमलचा. पावसाळ्यात एक हात वाळायला आठवडा लागू शकतो. मी मॉडेल जाळीच्या डब्यात ठेवून आधी उघड्यावर एक दिवस वास जाऊ देतो, मग कोमट कोरड्या पेटीत ठेवतो. पेटी ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, पातळ पंख वाकतात. ताज्या रंगवलेल्या वस्तूबरोबर बल्ब बंद पेटीत ठेवू नका, थिनरची वाफ पेट घेते. दहा दिवसांनंतरही चिकट असेल तर तो वाळणार नाही. मग काढून टाकायचा.

डेकल

बहुतेक डेकलचा पांढरा थर पातळ असतो आणि खालचा पिवळा त्यातून वर येतो. पंखाखालच्या मोठ्या राउंडेलवर हे लगेच दिसतं. मी डेकल लावण्याआधी त्या जागी त्याहून अर्धा मिलिमीटर लहान त्रिज्येचं पांढरं वर्तुळ रंगवतो. कंपासला पाती लावून टेप कापायची, दहा मिनिटांचं काम. डेकलला बाहेरून पिवळी कडी असेल आणि ती पिवळ्याच अंगावर येत असेल, तर छापील पिवळा तुमच्या पिवळ्याशी जुळणार नाही. ती कडी कापून टाका.

चांदी दिसते ती डेकलखाली अडकलेल्या हवेची. मॅट रंगाच्या खडबडीत पृष्ठभागावर डेकल टेकत नाही. आधी ग्लॉस क्लिअरचा हात द्या, मग डेकल. आधीच चांदी झाली असेल तर बारीक सुईने टोचून डेकल मऊ करणाऱ्या द्रावणाचे थेंब सोडा, दोन-तीन रात्री लागतील.

सगळा रंग काढायची वेळ

वरचं सगळं करूनही जमलं नाही, किंवा थर इतका जाड झाला की रेषा बुजल्या, तर काढून टाका. अॅक्रिलिक असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयपीए नावाने मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. काही तास बुडवून मऊ ब्रशने घासा. खिडक्या उघड्या आणि जवळ आग नको. कॅनपी (वैमानिकावरचं पारदर्शक झाकण) आणि काचेचे भाग आधी काढा, ते तडकतात. लॅकर थिनरमध्ये मॉडेल बुडवू नका, प्लास्टिक विरघळतं. इनॅमल आणि लॅकर काढणारी द्रव्यं आधी सांगाड्याच्या तुकड्यावर रात्रभर तपासा.

इथे हात थांबवा

काही गोष्टी घरी करायच्या नाहीत.

कंप्रेसरची टाकी गंजली असेल, सेफ्टी व्हॉल्व्ह अडकला असेल, दाब दाखवणारं घड्याळ खोटं दाखवत असेल किंवा मोटर शॉक देत असेल, तर प्लग काढा आणि कंप्रेसर दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. टाकीला स्वतः वेल्डिंग किंवा एम-सील लावून वापरू नका. दाबाखालची टाकी फुटते तेव्हा मॉडेल आणि माणूस यात फरक करत नाही.

गाडीसाठीचं दोन भागांचं टूके क्लिअर फार सुंदर चमकतं हे मान्य, पण त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुफ्फुसांना कायमचा दमा देऊ शकतात. साधा काडतुसाचा मास्क त्याला पुरत नाही. तो थर हवाच असेल तर बाहेरून हवा घेणारा मास्क आणि फवारणीची खोली असलेल्या गाडी रंगवणाऱ्याकडे मॉडेल द्या. त्याला दाब कमी ठेवायला सांगा आणि भाग लाकडाच्या पट्टीवर पक्के करून न्या. नेहमीचं लॅकर मारतानाही छाती भरून आली, घरघर लागली किंवा डोकं दुखून मळमळलं, तर रंग तिथेच थांबवा, बाहेर जा, आणि त्रास टिकला तर डॉक्टरांना कोणता रंग मारत होता तेही सांगा.

आणि घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्यांनी पन्नास-साठ वर्षांपूर्वी केलेलं पिवळं मॉडेल हातात आलं, तर ते घासू नका आणि रंग उतरवूही नका. त्या काळच्या पिवळ्यात शिसं असण्याची शक्यता मोठी आहे. कोरडं घासलं तर ती धूळ श्वासात आणि मुलांच्या हातात जाते. मऊ ब्रशने धूळ झटका, डेकल सुटत असेल तर तसंच राहू द्या. दुरुस्ती हवीच असेल तर वस्तुसंग्रहालयात संवर्धनाचं काम करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा. माझ्याकडे एका स्नेह्यांच्या वडिलांचं असं एक टायगर मॉथ आलं होतं. रंगाला भेगा, एक स्ट्रट (पंखांमधला आधाराचा दांडा) तुटलेला. मी तेवढा स्ट्रट जोडला आणि रंगाला हात न लावता परत दिलं.